दार उघडेपर्यंत

स्क्रीन काळी होते. मधोमध एक दार, बाकी काहीच नाही. मूठ फिरते, बिजागरी करकरते, दार सावकाश आत सरकतं आणि पलीकडच्या काळोखात आपण ओढले जातो. १९९६ साली प्लेस्टेशनवर ‘रेसिडेंट इव्हिल’ हा भीतीचा व्हिडिओ गेम खेळलेल्या कुणालाही विचारून पाहा. पलीकडच्या खोलीत काय होतं ते तो विसरला असेल, दार विसरलेला नसतो.

आता या दाराचं खरं काम ऐका. ते वेळ काढायला बसवलेलं होतं. प्लेस्टेशनची मुख्य मेमरी २ एमबी. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही अनेकदा तेवढ्यात मावत नाही. त्यात सीडी वाचणारा ड्राइव्ह सेकंदाला फार तर ३०० केबी उचलायचा. खेळ ज्या वाड्यात घडतो तो अख्खा वाडा एकदम मेमरीत बसणं शक्यच नव्हतं. म्हणून एका वेळी एक खोली. खोलीतून बाहेर पडलात की ती पुसायची, पुढची सीडीवरून आणायची. मधल्या वेळात ‘थांबा’ अशी पाटी लावता आली असती. खेळ बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीच्या मंडळींनी दार लावलं. यंत्राला धाप लागली होती आणि खेळणाऱ्याचा श्वास अडकत होता!

एकदा हे लक्षात आलं की सगळा खेळच वेगळा दिसू लागतो. जिथे जिथे यंत्र तोकडं पडलं, तिथे तिथे भीती उगवली आहे. खोल्या म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली स्थिर चित्रं होती, त्यामुळे कॅमेरा जागचा हलत नसे. (ही युक्ती त्याआधी १९९२ मध्ये ‘अलोन इन द डार्क’ या फ्रेंच खेळाने वापरली होती.) कॅमेरा हलत नाही म्हणजे कोपऱ्यापलीकडचं दिसत नाही. पाय घासत कुणीतरी येतंय हे ऐकू येतं, पण ते चित्राच्या चौकटीत शिरेपर्यंत तुमच्या हाती काही नाही. जिल नावाच्या नायिकेला आठच वस्तू जवळ बाळगता येतात, ख्रिस या नायकाला सहा. किल्ली घ्यावी की गोळ्या? आणि खेळ जिथवर आला तिथे जपून ठेवायचा तर टाइपरायटर शोधायचा, त्याला शाईची रिबन लावायची. रिबनीही मोजक्याच. दिग्दर्शक शिंजी मिकामी यांनी खेळाडूला सतत चणचणीत ठेवलं. महिन्याच्या पंचवीस तारखेला पाकिटात हात घालताना जे वाटतं, साधारण तेच, फक्त समोर प्रेत चालत येतंय.

आणखी एक मौज. या खेळाचा पूर्वज म्हणजे कॅपकॉमचाच १९८९ मधला ‘स्वीट होम’, आणि दार उघडण्याचं दृश्य त्यातही होतं. तो खेळ निघाला होता कियोशी कुरोसावा यांच्या त्याच नावाच्या सिनेमावरून. म्हणजे सिनेमावरून खेळ, त्या खेळावरून दुसरा खेळ, आणि मग २००२ मध्ये त्यावरून पुन्हा सिनेमा. या फेऱ्यात जॉर्ज रोमेरोही आले. चालत्या प्रेतांची आजची कल्पना ज्यांच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ने रुजवली तेच रोमेरो. (त्या सिनेमात ‘झोंबी’ हा शब्द एकदाही उच्चारलेला नाही.) त्यांनी दुसऱ्या खेळाची जपानी जाहिरात केली, पहिल्या सिनेमाची पटकथाही लिहिली. ती नाकारली गेली आणि काम पॉल डब्ल्यू. एस. अँडरसन यांच्याकडे गेलं.

सिनेमाकडे वळण्याआधी १९९९ सालच्या तिसऱ्या खेळाचं दार उघडायला हवं. तीन वर्षांत खेळाडूंच्या अंगवळणी एक गोष्ट पडली होती: दार ओलांडलं की सुटलो. मागची खोली मेमरीतून पुसली गेली, तिथला राक्षसही तिच्यासोबत गेला. तिसऱ्या खेळात नेमेसिस नावाचा धिप्पाड राक्षस आला. तुम्ही पळता, दार गाठता, ओळखीची मूठ फिरते, करकर होते, नव्या खोलीत येऊन तुम्ही सुस्कारा सोडता. आणि पाठोपाठ दार उघडून तो आत येतो. राक्षस तसा साधाच होता, दणकट आणि कुरूप. दहशत होती ती एवढीच, की ज्या दाराने वाचवायचं त्याने दगा दिला.

याच नेमेसिसला घेऊन २००४ मध्ये ‘रेसिडेंट इव्हिल: अपोकॅलिप्स’ आला. अँडरसन तेव्हा ‘एलियन व्हर्सेस प्रेडेटर’मध्ये गुंतलेले, त्यांनी पटकथा लिहिली आणि दिग्दर्शन अलेक्झांडर विट यांना मिळालं. विट हे कॅमेऱ्यामागचे आणि सेकंड युनिटचे जाणते. सेकंड युनिट म्हणजे पाठलाग, स्फोट, उड्या चित्रित करणारी तुकडी. दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच सिनेमा, आणि तो बघताना वाटतं की मुख्य युनिट आलंच नाही. नायिका झालेली मिला योवोविच मोटरसायकलवरून चर्चची रंगीत काच फोडून आत येते. पुढे टोरांटोच्या नगरभवनाच्या भिंतीवरून सरळ खाली धावत उतरते. (विल्यो रेवेल या फिनिश वास्तुकाराने रचलेले ते दोन वक्राकार मनोरे १९६५ पासून उभे आहेत. सिनेमात शहराचं नाव मात्र रॅकून सिटी.) तिच्या अंगात विषाणू भिनलाय, त्यामुळे तिला काही होत नाही. खेळात गोळ्या मोजाव्या लागत होत्या, इथे काहीच मोजावं लागत नाही.

आणि नेमेसिस? त्याच्या डोळ्यांतून आपल्याला जग दाखवतात, संगणकाच्या पडद्यासारखं, आज्ञा आणि निशाणांसकट. एक पात्र घाबरून पिस्तुलं खाली टाकतं, तर हा हिशेब करतो की हा निव्वळ नागरिक, आणि त्याला सोडून देतो. राक्षसाच्या डोक्यात काय चाललंय हे कळलं की राक्षस उरतो कुठे? शेवटी तर तो पहिल्या भागातला नायिकेचा साथीदार निघतो आणि तिच्या बाजूने लढतो. दारामागून येणाऱ्याला सिनेमाने दिवाणखान्यात बसवून चहा पाजला.

मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. या सिनेमात एक फार सुरेख कल्पना आहे. डॉ. अ‍ॅशफर्ड हा शास्त्रज्ञ शहराबाहेर चाकाच्या खुर्चीत बसून रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांतून सगळं बघतोय. त्याची मुलगी आत अडकली आहे. ओस पडलेल्या रस्त्यावरचा सार्वजनिक फोन खणखणतो, नायिका उचलते, पलीकडून तो बोलतो. कॅमेरा भिंतीला खिळलेला, कोपऱ्यापलीकडचं काही दिसत नाही, आणि चौकटीतल्या माणसाला वाचवण्याची धडपड. अहो, हाच तर तो खेळ! खेळाडू हेच करत होता. पाच मिनिटं त्या स्थिर कॅमेऱ्यावर थांबले असते, तर थिएटरात लोकांनी खुर्चीचे हात धरले असते. सिनेमा तिथे थांबत नाही. झोंबी आले की चित्र धक्के खात, फरफटत पळतं आणि काय चाललंय तेच समजत नाही. न दिसण्याने भीती वाटते, धड न दिसण्याने डोकं दुखतं.

सिनेमाला हे जमतच नाही असं म्हणायची सोय नाही. पहिल्या भागात एक अरुंद मार्गिका आहे, बाहेर पडायचं दार बंद झालेली. लेझरची रेघ एका टोकाकडून येते, पहिल्यांदा एका उंचीवर, मग दुसऱ्या, आणि माणूस उभा राहून तिची वाट बघतो. तेवढाच वेळ, तेवढीच जागा, पळायला वाव नाही. २००५ मध्ये चौथा खेळ आला तेव्हा त्यात लेझरची तशीच मार्गिका होती. मूळ खेळाने सिनेमाकडून उसनं घ्यावं असं काहीतरी पहिल्या भागात होतं.

दुसऱ्या भागावर टीकाकारांनी कोरडे ओढले. सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्चून काढलेल्या या सिनेमाने जगभरात १२ कोटी ९० लाखांच्या आसपास कमावले, आणि मालिकेत आणखी चार भाग निघाले, शेवटचा २०१६ मध्ये. हिशेबाच्या वहीत तो यशस्वी आहे. माझ्या वहीत तो दार नसलेला वाडा आहे.

कुणाकडे जुना प्लेस्टेशन आणि ती सीडी असेल तर एकदा मागून आणा. दाराची मूठ फिरू लागली की एकही बटण चालत नाही, तेव्हा हात मांडीवर ठेवून नुसते बघा.