या सुट्टीत मुलांना पुण्याची मैदाने दाखवा

वार्षिक परीक्षा संपल्या की घरोघरी एकच प्रश्न निघतो, सुट्टीत मुलांना घेऊन कुठे जायचे? आपल्या समाजातील कुटुंबे पुण्यास आली की त्यांची ठिकाणे ठरलेली असतात. महात्मा फुले वाड्यावर नतमस्तक व्हायचे, सेनापती बापट मार्गावरील बाबासाहेबांचे स्मारक-संग्रहालय पाहायचे, बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी जेथे बुद्धमूर्तीची स्थापना केली त्या देहूरोडच्या विहारात वंदना घ्यायची आणि भीमा-कोरेगावच्या विजयस्तंभास मानवंदना देऊन परतायचे. हे सारे अवश्य करावे. पण यंदा आम्ही आणखी एक गोष्ट सुचवीत आहोत. त्यातला एक दिवस पुण्यातील महाविद्यालयांची मैदाने पाहण्यासाठी राखून ठेवा.

मैदानात काय पाहायचे, असे कुणी विचारील. पण ज्या समाजाला पाणवठ्याला हात लावू दिला जात नव्हता, त्याला मैदानावर तरी कोण येऊ देत होते? चवदार तळ्याचा इतिहास आपण मुलांना सांगतो. मैदानाचा इतिहासही सांगितला पाहिजे.

सुरुवात तालमीपासून

फुले वाड्याजवळच, पूर्वीच्या गंज पेठेत, लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम आहे. मातंग समाजातील या वस्तादांच्या हाताखाली जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. १८४८ मध्ये मुलींची शाळा काढून साऱ्या शहराचा रोष अंगावर घेणारा माणूस आधी तालमीच्या मातीत घडला होता, हे मुलांना येथेच उभे राहून सांगावे. शाळा आणि तालीम या गोष्टी आपल्या चळवळीत कधी वेगळ्या नव्हत्या.

चार रुपये पगाराचा गोलंदाज

तेथून लष्कर भागात जावे. पूना क्लब हा सभासदांचा क्लब असल्याने मैदान बाहेरूनच पाहावे लागेल. पण गोष्ट मात्र पूर्ण सांगावी. चर्मकार समाजातील पळवणकर बाळू हा तरुण आधी पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात महिना ३ रुपयांवर खेळपट्टी झाडण्याचे काम करीत होता. १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर आला. रोलर फिरवणे, जाळी लावणे ही त्याची कामे. सरावात तो ग्रेग नावाच्या नामांकित इंग्रज फलंदाजाला तासन् तास गोलंदाजी करी. त्याच्या हाती फलंदाजीसाठी बॅट मात्र कुणी दिली नाही.

पुढे पुण्यातील हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते, तेव्हा बाळूची आठवण झाली. मैदानावर त्याने टाकलेल्या चेंडूला सवर्ण खेळाडू हात लावीत. चहाच्या वेळी मात्र त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात याच बाळूने ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. १९२३ मध्ये ते त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले आणि त्या वर्षी संघ विजयी झाला.

पुढे राजकारणात बाबासाहेबांचे व बाळूंचे मार्ग वेगळे झाले. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. हेही मुलांपासून लपवू नये. मतभेद मतभेदाच्या जागी. मैदानावर त्यांनी जे मिळवले ते साऱ्या बहिष्कृत समाजाचे आहे.

महाविद्यालयांची वाट

लष्करातून टिळक रस्त्यावर स. प. महाविद्यालयाच्या मैदानाशी यावे. येथे संस्कृत शिकवणारे प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. पुढे नदी ओलांडली की डेक्कन जिमखाना. हे महाविद्यालय नव्हे, पण वाटेवरच आहे. १९१९ साली दोराबजी टाटांनी येथे अनवाणी धावणारे खेळाडू पाहिले आणि पुढच्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला आपले खेळाडू गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. जवळच १८८५ साली स्थापन झालेले फर्ग्युसन आहे. मग शिवाजीनगरला अभियांत्रिकी महाविद्यालय व संगमाजवळचा त्याचा बोट क्लब. येथील विद्यार्थी १९२८ पासून नदीवर ‘रेगाटा’ भरवीत आले आहेत.

शेवटी गणेशखिंडीत जावे. २०१४ पासून या विद्यापीठाला सावित्रीमाईंचे नाव आहे आणि तेथील क्रीडासंकुलाला खाशाबा जाधवांचे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर ७,००० रुपयांना गहाण टाकले होते. बाळूंना बॅट न देणारे मैदान आणि खाशाबांसाठी घर गहाण टाकणारे प्राचार्य, या दोन्ही गोष्टी मुलांना एकाच दिवशी सांगाव्यात. वेळ उरल्यास १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे संकुलही पाहून घ्यावे.

पुस्तक हवेच, मैदानही हवे

‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश आपल्या माता-पित्यांनी पोटाला चिमटा काढून पाळला. पण त्याचा अर्थ अनेक घरांत एवढाच झाला की मूल पुस्तकापुढून हलता कामा नये. खेळणारा मुलगा उनाड ठरतो आणि मुलीला तर बारा-तेराव्या वर्षीच मैदान बंद होते. तथागतांनी देह झिजवण्याचा मार्ग स्वतः अनुभवून सोडला. क्षीण शरीरात मन काम करीत नाही हे जाणून त्यांनी सुजाताची खीर स्वीकारली. त्यांच्या अनुयायांनी मुलांच्या शरीराची हेळसांड का करावी?

व्यवहारही पाहा. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुणांची सवलत आहे. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून शाळेत व जिल्हा क्रीडा कार्यालयात चौकशी करावी आणि मुलांची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. आपल्या किती पालकांनी आजवर ही चौकशी केली आहे?

जाताना काही पथ्ये पाळावीत. सकाळी लवकर निघावे, मे महिन्याचे ऊन वाईट. पाणी व भाकरी सोबत असावी. महाविद्यालयाच्या दारावर पहारेकऱ्याला विचारूनच आत जावे, खेळपट्टीवर चालू नये, सराव चालू असल्यास कडेला बसून पाहावे. प्रशिक्षक मोकळे दिसले तर, ‘येथे प्रवेशासाठी काय लागते?’ हे मुलांनाच विचारू द्यावे, मुलीला आधी.

परवानगी मिळाली तर धावपट्टीवर एक फेरी मुलांना मारू द्या. जमल्यास आपणही मारा. जयभीम!