पतंगाचा डोळा

मार्गशीर्ष-पौषात सोलापूर जिल्ह्यातील काळ्या रानात हरभऱ्याला घाटे धरू लागले, की शेतकऱ्याची नजर पिकावरून हलत नाही. याच सुमारास घाटेअळी येते. डोके घाट्यात आणि धड बाहेर, अशा स्थितीत ती दाणे खात असते. एकच अळी ३०-४० घाटे पोखरते. पुढे ती मातीत शिरते, तेथे तिचा कोष होतो व कोषातून फिकट तपकिरी पतंग बाहेर पडतो. हा पतंग पीक खात नाही, फुलांतील मध पितो. परंतु मादी शेकडो अंडी घालते. तिला अडविण्यासाठी शेतकरी रात्री प्रकाश सापळा लावतात. दिवा टांगावयाचा आणि खाली रॉकेल घातलेल्या पाण्याचे घमेले ठेवावयाचे, एवढीच त्याची रचना.

नवल असे की, हा पतंग मातीतून एकटाच वर येतो. आईबापांशी त्याची कधी भेट होत नाही. मग उजेड ओळखावयास त्याला शिकविले कोणी? ही विद्या त्याच्या जनुकांत, म्हणजे वारशानेच, आलेली असते.

पतंगाचा प्रत्येक डोळा हजारो सूक्ष्म नेत्रिकांचा बनलेला असतो. त्यांतील पेशींत ऑप्सिन नावाची प्रथिने असतात आणि प्रत्येक ऑप्सिनमध्ये ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जातकुळीतला एक रेणू बसलेला असतो. प्रकाश पडताच त्या रेणूचा आकार बदलतो व मेंदूकडे संदेश जातो. आपल्या डोळ्यांतही हीच युक्ती आहे. या बाबतीत पतंग आपला दूरचा नातलगच! घाटेअळीच्या पतंगात ऑप्सिन घडविणारी तीन मुख्य जनुके आढळतात : एक अतिनील किरणांसाठी, एक निळ्या व एक हिरव्या प्रकाशासाठी. अतिनील किरण आपल्याला दिसत नाहीत, त्याला दिसतात. ही जनुके दिवसरात्रीच्या तालानुसार कमीअधिक काम करतात, असे २०१४ मध्ये चिनी शास्त्रज्ञांना आढळले.

पतंगाचे दिव्यावर प्रेम असते, ही कवींची कल्पना. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात निराळेच दिसले. उडणारा कीटक उजेडाकडे पाठ करून तोल सांभाळतो. रात्री आकाशच अधिक उजळ असल्याने पाठ आपोआप वर राहते. दिव्याजवळ मात्र हा हिशेब चुकतो आणि बिचारा घिरट्यांत अडकतो.

परंतु वारसा बदलतोही. स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या परिसरात दुसऱ्या एका जातीच्या पतंगांवर प्रयोग झाला. उजळ वस्तीतील व अंधाऱ्या भागातील अळ्या आणून एकाच परिस्थितीत वाढविल्या. त्यांपैकी उजळ वस्तीतल्यांचे पतंग दिव्याकडे कमी गेले, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दिव्यांकडे धावणारे पिढ्यान्‌पिढ्या मरत राहिले, न धावणाऱ्यांची प्रजा वाढली, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. घाटेअळीने कित्येक कीटकनाशके अशाच रीतीने पचविली आहेत.

म्हणून एकट्या दिव्यावर विसंबता येत नाही. हरभऱ्याच्या शेतात पक्ष्यांना बसावयास काठ्यांचे थांबे रोवतात. सकाळी त्यांवर कोतवाल आणि साळुंक्या येऊन बसतात व अळ्या टिपू लागतात.