विश्लेषण : पाळणाघराची फी फक्त आईच्याच पगारातून का वजा होते? मुलांच्या सांभाळाच्या खर्चाचे गणित कसे जुळवायचे?

बाळ चार-सहा महिन्यांचे होते, प्रसूती रजा संपत येते आणि घरात आकडेमोड सुरू होते. पाळणाघराची फी, सोडण्या-आणण्याचा रिक्षाखर्च, वरचे किरकोळ खर्च यांची बेरीज केली जाते. ही बेरीज आईच्या पगारातून वजा केली जाते. उरलेला आकडा पाहून ‘एवढ्यासाठी एवढी धावपळ कशाला?’ असे कोणीतरी म्हणते आणि अनेक घरांत राजीनामा लिहिला जातो. खर्च मोठा आहे, यात वाद नाही. पण ही वजाबाकी बहुतेक वेळा अपुऱ्या माहितीवर केलेली असते. ती पूर्ण कशी करायची, खर्च कुठे कमी होऊ शकतो आणि कायद्याने, सरकारी योजनांतून काय मिळू शकते, याविषयी…

वजाबाकी नेमकी कुठे चुकते?

एक उदाहरण घेऊ. समजा, पिंपरी-चिंचवडमधील एका जोडप्यात वडिलांच्या हातात दरमहा ५५ हजार आणि आईच्या हातात ३२ हजार रुपये येतात. डे-केअरची फी १२ हजार, ने-आण २ हजार आणि बाळाचे आजारपण किंवा पाळणाघराच्या सुट्ट्यांसाठीची पर्यायी सोय सरासरी दीड हजार, असा एकूण १५,५०० रुपये खर्च आहे. तो आईच्या पगाराशी ताडून पाहिला तर जवळपास ४८ टक्के होतो, म्हणजे निम्मा पगार गेल्यासारखा वाटतो. तोच खर्च दोघांच्या मिळून ८७ हजारांशी ताडला तर सुमारे १८ टक्के होतो. मूल दोघांचे असल्याने खर्चही उत्पन्नाच्या प्रमाणात वाटला, तर वडिलांच्या वाट्याला सुमारे ९,८०० आणि आईच्या वाट्याला सुमारे ५,७०० रुपये येतात. घरातून बाहेर जाणारी रक्कम तीच राहते, पण ‘आईची नोकरी परवडत नाही’ हा निष्कर्ष मात्र टिकत नाही.

दुसरी चूक म्हणजे फक्त हातात येणारा पगार मोजणे. आईचे मूळ वेतन १८ हजार धरले, तर भविष्य निर्वाह निधीत तिचे १२ टक्के आणि कंपनीचे १२ टक्के मिळून दरमहा ४,३२० रुपये भरले जातात. कंपनीच्या वाट्यातील काही भाग निवृत्तिवेतनासाठी वळता होतो. तीन वर्षांत ही रक्कम व्याज न धरता १,५५,५२० रुपये होते. याशिवाय सलग पाच वर्षे सेवा पूर्ण झाल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटी, गटविमा आणि वार्षिक पगारवाढ हेही राजीनाम्यासोबत जाते. साडेतीन-चार वर्षे एकाच ठिकाणी नोकरी झाली असेल, तर ग्रॅच्युइटीची तारीख आधी पाहून घ्यावी.

तिसरी गोष्ट काळाची. पूर्ण दिवसाच्या पाळणाघराचा सर्वाधिक भार साधारण पहिली तीन-चार वर्षे असतो, मूल शाळेत जाऊ लागले की तो बदलतो. नोकरीत पडलेल्या खंडाचा परिणाम मात्र पुढील अनेक वर्षे पगारावर राहतो. २०२३चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी विकसित देशांतील आकडेवारीतून दाखवले आहे, की एकाच व्यवसायातील स्त्री-पुरुषांच्या कमाईतील दरी मुख्यतः पहिल्या मुलाच्या जन्मानंतर तयार होते. बाळासोबत घरी राहायचे असे एखाद्या आईने किंवा वडिलांनी मनापासून ठरवले, तर तो निर्णय योग्यच. पण तो ‘गणित जुळत नाही’ म्हणून घेतला जात असेल, तर आधी गणित पूर्ण मांडलेले हवे.

फीच्या आकड्यात काय काय लपलेले असते?

पाळणाघर निवडताना दरमहा फीची तुलना केली जाते. प्रत्यक्षात प्रवेश शुल्क, अनामत, जेवण, उशिरा नेल्यास दंड आणि शनिवारचे वेगळे पैसे मिळून चित्र बदलते.

समजा, ‘अ’ पाळणाघराची फी १० हजार आहे. त्यावर वर्षाला १२ हजार प्रवेश शुल्क आणि महिन्याला दीड हजार जेवणाचे. ते संध्याकाळी साडेसहाला बंद होते आणि त्यानंतर दर अर्ध्या तासाला १०० रुपये लागतात. वाहतुकीत अडकल्याने महिन्यातून सहा दिवस अर्धा ते एक तास उशीर झाला आणि दरवेळी सरासरी १०० रुपये भरावे लागले, तर वर्षाचे ७,२०० रुपये होतात. एकूण वार्षिक खर्च १,५७,२०० रुपये, म्हणजे महिन्याला १३,१०० रुपये. ‘ब’ पाळणाघराची फी १२ हजार आहे, पण त्यात जेवण धरलेले आहे, प्रवेश शुल्क नाही आणि वेळ साडेसातपर्यंत आहे. त्याचा वार्षिक खर्च १,४४,००० रुपये. कागदावर दोन हजारांनी महाग दिसणारे पाळणाघर वर्षाला १३,२०० रुपयांनी स्वस्त पडते.

म्हणून चौकशी करताना वर्षाचा एकूण आकडा लेखी मागावा. मूल आठवडाभर आजारी पडले तर फी कमी होते का, वर्षातून किती दिवस सुट्टी असते, मध्येच काढल्यास किती दिवस आधी कळवावे लागते आणि अनामत कधी परत मिळते, हे प्रश्न प्रवेशाआधीच विचारावेत.

कंपनीकडून काय मागता येते?

मातृत्व लाभ कायद्यात २०१७मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवडे झाली. त्याच दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. येथे फक्त महिला नव्हे, तर सर्व कर्मचाऱ्यांची संख्या धरली जाते. त्यामुळे ‘आमच्याकडे महिला कमी आहेत’ हे कारण चालत नाही. आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभाही कायद्यात आहे. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी कायम आहेत. कंपनीला स्वतःचे पाळणाघर उभारण्याऐवजी इतरांसोबत सामायिक सोय करण्याचा पर्यायही आहे.

मात्र त्या पाळणाघराची फी कोणी भरायची, हे कलमात थेट सांगितलेले नाही. काही कंपन्या पूर्ण फी भरतात, काही ठरावीक रक्कम परत देतात, काही जवळच्या डे-केअरशी करार करून सवलत मिळवतात. म्हणून प्रसूती रजेवर जाण्यापूर्वीच मनुष्यबळ विभागाला ई-मेलवर तीन प्रश्न विचारावेत. पाळणाघराची सोय कुठे आहे, खर्चाचा किती वाटा कंपनी उचलते आणि वडील असलेल्या कर्मचाऱ्यांना ती वापरता येते का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण अनेकदा वडिलांचे कार्यालय घराच्या जवळ असते, पण विचारलेच जात नाही.

कामाचे स्वरूप तसे असेल, तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याची मुभाही परस्पर संमतीने मिळू शकते. आठवड्यातून दोन दिवस घरून काम म्हणजे बाळाला सांभाळत काम नव्हे. पण ने-आणीचा वेळ वाचतो आणि पाळणाघराचे तास कमी करता येतात.

सरकारी नोकरीत वेगळ्या तरतुदी आहेत. केंद्र सरकारच्या महिला आणि एकल पुरुष कर्मचाऱ्यांना दोन मुलांसाठी संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. त्यातील पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारी आणि पुढील ३६५ दिवस ८० टक्के पगारी असतात. महाराष्ट्र शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांसाठी ही रजा १८० दिवसांची आहे.

अंगणवाडी आणि ‘पाळणा’ योजनेचा उपयोग कोणाला?

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीत पूर्वप्राथमिक शिक्षण आणि गरम ताजा आहार मोफत मिळतो. मात्र ती काही तासच चालते, त्यामुळे पूर्ण दिवस काम करणाऱ्या पालकांना उरलेल्या वेळेची सोय करावी लागते.

ही उणीव भरण्यासाठी केंद्राच्या ‘मिशन शक्ती’अंतर्गत ‘पाळणा’ योजना आहे. त्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडले जाते आणि सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना दिवसभर सांभाळले जाते. आई संघटित क्षेत्रात आहे की घरकाम करते, अशी अट नाही. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात ३४५ पाळणाघरांना मंजुरी मिळाली आहे. राज्याच्या आकारमानाने ही संख्या फारच थोडी आहे. तरी आपल्या भागात केंद्र आहे का, हे अंगणवाडी सेविकेकडे किंवा बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारता येते. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी पुण्यात तारा मोबाइल क्रेशेस आणि मुंबईत मुंबई मोबाइल क्रेशेस या संस्था बांधकामांच्या ठिकाणीच पाळणाघरे चालवतात.

आजी-आजोबांचा सांभाळ ‘फुकट’ असतो का?

बहुतेक मराठी घरांत पहिला पर्याय आजी-आजोबांचाच असतो आणि तो बाळासाठी मायेचाही असतो. पण साठी ओलांडलेल्या आजीने रांगत्या बाळामागे दहा तास धावणे, हा खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. गुडघेदुखी, रखडलेली तपासणी, गावाकडचे बंद घर, मोडलेला फिरण्याचा नेम या रूपांत तो पुढे येतो.

मधला मार्ग असा : सकाळी तीन-चार तास प्लेग्रुप, दुपारी आजी-आजोबा आणि कामाला मदतनीस. पूर्ण दिवसाच्या डे-केअरपेक्षा हे अनेकदा स्वस्त पडते. वाचलेल्या पैशांतून आजी-आजोबांचा आरोग्य विमा उतरवता येतो. जुन्या करप्रणालीत ज्येष्ठ नागरिक आई-वडिलांच्या विम्याच्या हप्त्यावर ५० हजार रुपयांपर्यंत वजावटही मिळते. आठवड्यातील एक दिवस त्यांचा पूर्ण सुट्टीचा ठरवून घ्यावा.

दोन कुटुंबांनी मिळून सोय केली तर?

एकाच सोसायटीतील दोन कुटुंबांनी मिळून मुले सांभाळायला मावशी ठेवल्या, तर खर्च विभागला जातो. समजा, मावशींचा पगार १६ हजार असेल, तर प्रत्येकी ८ हजार पडतात. दोन मुलांसाठी मावशींना एका मुलापेक्षा जास्त पगार द्यायलाच हवा. येथे घासाघीस केली तर मावशी टिकत नाहीत आणि ऐन महिन्याच्या मध्यात नवी शोधाशोध करावी लागते.

मूल कोणाच्या घरी राहणार, एक मूल आजारी असल्यास काय, मावशींची साप्ताहिक सुट्टी, दिवाळी बोनस आणि एका कुटुंबाने घर बदलले तर किती दिवस आधी सांगायचे, हे कागदावर लिहून ठेवावे. पोलीस पडताळणीही करून घ्यावी. पती-पत्नीच्या कामाच्या वेळा थोड्या पुढे-मागे करता आल्या, म्हणजे एकजण सकाळी उशिरा निघतो आणि दुसरा संध्याकाळी लवकर परततो, तर सांभाळाचे दोन-तीन तास कमी होतात.

करात काही सवलत मिळते का?

डे-केअर किंवा मावशींच्या पगारावर कर वजावट नाही. मात्र प्लेस्कूल आणि नर्सरीची शिकवणी फी, दोन मुलांपर्यंत, ‘८०सी’ म्हणून परिचित असलेल्या दीड लाखांच्या मर्यादेत धरता येते. १ एप्रिल २०२६पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात हे कलम १२३ आहे. देणगी आणि विकास शुल्क यात बसत नाही. ही वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. प्लेस्कूल आणि डे-केअर एकाच ठिकाणी असतील, तर शिकवणी फीची पावती वेगळी मागून घ्यावी.

खर्च कुठे कापू नये?

किती मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती आहे, कर्मचारी वारंवार बदलतात का, आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे का, बाळाला न्यायला कोण येऊ शकते याची नोंद ठेवली जाते का, या बाबतींत स्वस्त पर्याय महागात पडतो. प्रवेशाआधी एकदा ठरवून आणि एकदा न सांगता, दुपारच्या जेवणाच्या वेळी जाऊन यावे. पालकांना खोलीत येऊ न देणाऱ्या पाळणाघराची फी कितीही कमी असली, तरी ते यादीतून काढलेले बरे.

आज काय करता येईल?

एका कागदावर सर्वात वर दोघांचे पगार लिहावेत, खाली सांभाळाचा वर्षाचा पूर्ण खर्च आणि त्याखाली नोकरी सुटल्यास बंद होणाऱ्या गोष्टी : भविष्य निर्वाह निधी, विमा, ग्रॅच्युइटी, पगारवाढ. दोन्ही कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांना ई-मेल पाठवावा. राजीनाम्याचा विचार करायचाच असेल, तर तो या ई-मेलना उत्तरे आल्यानंतर, दोघांनी एकत्र बसून करावा.