मनोसामाजिक विकासाचे टप्पे

मनोसामाजिक विकासाचे टप्पे ही जन्मापासून वार्धक्यापर्यंत मानवी व्यक्तिमत्त्व कसे घडत जाते याचे स्पष्टीकरण देणारी मानसशास्त्रीय संकल्पना आहे. जर्मनीत जन्मलेले अमेरिकन मनोविश्लेषक एरिक एरिकसन (१५ जून १९०२ – १२ मे १९९४) यांनी इ.स. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'चाइल्डहुड अँड सोसायटी' या ग्रंथात तिची मांडणी केली. या सिद्धान्तानुसार आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यावर व्यक्तीची वाढ आणि समाजाच्या अपेक्षा यांतून एक विशिष्ट पेच उभा राहतो. तो सोडविण्यासाठी कुटुंब, शेजार, शाळा आणि गाव यांचा आधार लागतो. हा आधार एकाएकी नाहीसा झाल्यास काय घडते, हे समजण्यासाठी १९९३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या उमरगा परिसराचे उदाहरण उपयुक्त ठरते.

पार्श्वभूमी

सिग्मंड फ्रॉइड यांनी व्यक्तिमत्त्वाच्या घडणीत बालपणाला निर्णायक स्थान दिले होते. एरिकसन यांनी व्हिएन्नामध्ये ॲना फ्रॉइड यांच्याकडे प्रशिक्षण घेतले. मात्र विकास आयुष्यभर चालतो, असे त्यांचे मत बनले. अमेरिकेतील सू आणि युरोक या आदिवासी समाजांच्या बालसंगोपनाचा त्यांनी अभ्यास केला. पत्नी जोन एरिकसन यांचाही या मांडणीत मोठा वाटा होता.

आठ टप्पे

पुढील वयोमर्यादा स्थूलमानाने दिल्या आहेत. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी, पेच सुटल्यास लाभणारा गुण नोंदविला आहे.

१. विश्वास विरुद्ध अविश्वास (जन्म ते दीड वर्ष): भूक लागल्यावर कोणी जवळ घेते का, यावरून बाळाचे जगाविषयीचे पहिले मत बनते. गुण: आशा.
२. स्वायत्तता विरुद्ध लज्जा व साशंकता (दीड ते तीन वर्षे): चालणे, खाणे, शरीरावर ताबा मिळविणे. गुण: इच्छाशक्ती.
३. पुढाकार विरुद्ध अपराधभाव (तीन ते सहा वर्षे): खेळ, प्रश्न, कल्पनाशक्ती. गुण: उद्दिष्ट.
४. उद्यमशीलता विरुद्ध न्यूनता (सहा ते बारा वर्षे): शाळा व कामातील कौशल्ये. गुण: क्षमता.
५. स्व-ओळख विरुद्ध भूमिकासंभ्रम (किशोरावस्था): 'मी कोण' या प्रश्नाचा शोध. गुण: निष्ठा.
६. आत्मीयता विरुद्ध एकाकीपणा (तारुण्य): मैत्री, विवाह, सहजीवन. गुण: प्रेम.
७. सर्जकता विरुद्ध कुंठितता (मध्यमवय): पुढील पिढीसाठी काही उभे करणे. गुण: आस्था.
८. आत्मसंपूर्णता विरुद्ध वैफल्य (वार्धक्य): जगलेल्या आयुष्याचा स्वीकार. गुण: सुज्ञता.

कोणताही पेच कायमचा जिंकला किंवा हरला जात नाही. थोडा अविश्वासही सावधपणासाठी आवश्यक असतो. महत्त्व दोहोंतील समतोलाला असते. अपुरे राहिलेले प्रश्न पुढील टप्प्यांत पुन्हा डोके वर काढतात, तसेच पुढे मिळालेला आधार आधीची उणीव काही अंशी भरून काढू शकतो.

उमरगा परिसरातील उदाहरण

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाचा सर्वाधिक फटका लातूर जिल्ह्यातील औसा आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील उमरगा या तालुक्यांना बसला. त्या वेळी उमरगा तालुक्यात असलेले सास्तूर हे गावही उद्ध्वस्त झाले. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीचे जड माळवद झोपेतील माणसांवर कोसळल्याने हजारो लोक मृत्युमुखी पडले.

एरिकसन यांच्या चौकटीतून पाहिल्यास एकाच आपत्तीने प्रत्येक वयोगटापुढे वेगळा प्रश्न ठेवला. आई गमावलेल्या अर्भकापुढे विश्वासाचा, शाळा गमावलेल्या मुलापुढे क्षमतेचा, तर जोडीदार गमावलेल्या तरुण स्त्रीपुढे एकाकीपणाचा प्रश्न होता.

पुनर्वसनाचे काही प्रयत्न या प्रश्नांना थेट भिडणारे होते. उमरग्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील नळदुर्ग येथे पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने अनाथ मुलांसाठी 'आपलं घर' सुरू झाले. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्यात नेले. पहिल्या प्रयत्नात घर जिल्ह्यातच उभे राहिले, तर दुसऱ्यात शिक्षणाची सोय झाली पण गाव दुरावले. किशोरवयात स्व-ओळख घडताना हा फरक महत्त्वाचा असतो.

वृद्धांचा प्रश्न निराळा होता. नव्या जागी वसविलेल्या गावांत जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. घरे भूकंपरोधक झाली, परंतु जुन्या गावातील भावकीचा शेजार अनेक ठिकाणी विस्कटला. ज्यांच्या आठवणी गल्ली, पार आणि मंदिराशी निगडित होत्या, त्यांना मागे वळून पाहण्यासाठी ती जागाच उरली नाही.

सातव्या टप्प्याचे उदाहरण गावातील स्त्रियांच्या कार्यात आढळते. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या माध्यमातून लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील स्त्रियांनी 'संवाद सहायक' म्हणून घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावकरी व प्रशासन यांच्यातील दुवा सांभाळला. इ.स. २००१ च्या गुजरात भूकंपानंतर यांतील काही स्त्रिया कच्छमध्ये जाऊन तेथील स्त्रियांना आपला अनुभव सांगून आल्या. स्वतः सोसलेले दुःख इतरांच्या उपयोगी आणणे, हाच सर्जकतेचा अर्थ होय.

भारतीय संदर्भ

महात्मा गांधींच्या नेतृत्वाखाली १९१८ साली झालेल्या अहमदाबाद गिरणी कामगारांच्या लढ्यावर एरिकसन यांनी 'गांधीज ट्रुथ' (१९६९) हा ग्रंथ लिहिला. त्यास पुलित्झर पारितोषिक मिळाले. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी 'द इनर वर्ल्ड' (१९७८) या ग्रंथात हे टप्पे आणि आश्रमव्यवस्था यांची तुलना केली. दोन्हींत वयानुरूप कर्तव्य आहे. मात्र आश्रमव्यवस्थेतील कर्तव्ये परंपरेने ठरलेली आहेत.

टीका व मर्यादा

या टप्प्यांची प्रयोगाने पडताळणी करणे कठीण आहे. कॅरोल गिलिगन यांनी इ.स. १९८२ मध्ये, ही मांडणी पुरुषांच्या अनुभवावर बेतलेली असल्याचा आक्षेप घेतला. क्रमही सर्वत्र सारखा नसतो. लहान वयात विवाह झालेल्या मुलीवर स्वतःची ओळख घडण्याआधीच सहजीवनाची जबाबदारी पडते, तर आपत्तीत पालक गमावलेला थोरला मुलगा शाळकरी वयातच धाकट्या भावंडांचा पालक होतो. एरिकसन यांच्या मृत्यूनंतर इ.स. १९९७ मध्ये जोन एरिकसन यांनी ऐंशी-नव्वदीतील व्यक्तींसाठी नववा टप्पा सुचविला. शरीर साथ सोडू लागते तेव्हा आधीचे सर्व पेच पुन्हा समोर येतात आणि विश्वासाचा पहिला प्रश्नही नव्याने विचारला जातो, असे त्यात म्हटले आहे.