जुन्या इंजिनाला कोणतं ऑइल?

गोव्यात तयार झालेल्या ‘सॅन स्टॉर्म’ या दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये रेनॉचं ११४९ सीसी इंजिन आहे, तर कुर्ल्याच्या प्रीमिअर पद्मिनीत फियाटच्या घडणीचं १०८९ सीसी. दोन्ही गाड्या जुन्या, म्हणून दोन्हींना एकच ऑइल हा हिशेब चुकीचा. स्टॉर्ममध्ये मॅन्युअलात दिलेलाच ग्रेड घालावा.

पद्मिनीचं ‘२०डब्ल्यू-५०’ मात्र नीट समजून घ्या. पहिला आकडा थंड इंजिन सुरू होण्याच्या चाचणीचा. २०डब्ल्यूची ही चाचणी उणे १५ अंशांवर होते, त्यामुळे हिंगोलीच्या डिसेंबरातही काळजी नाही. खरी कसोटी मे महिन्यात. पारा चाळिशीपार, आणि गाडी औंढा नागनाथच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे रखडलेली. इथे दुसरा आकडा कामी येतो. १०० अंशांना ५० ग्रेडचा दाटपणा किमान १६.३ सेंटिस्टोक असतो, ३० ग्रेडचा ९.३. झिजलेल्या बेअरिंगमध्ये दाट ऑइलच दाब टिकवून धरतं.

पद्मिनीत कॅम टॅपेटवर घासत फिरतो, म्हणून ऑइलमध्ये झिंक-फॉस्फरस हवंच. नव्या एपीआय श्रेणींतली फॉस्फरसची ०.०८ टक्क्यांची मर्यादा ५डब्ल्यू-३०सारख्या पातळ ग्रेडना आहे, २०डब्ल्यू-५०ला नाही. तेव्हा जुन्या श्रेणीचा डबा हुडकत बसायची गरज नाही.

दुकानात ट्रॅक्टरचं ऑइल पुढे केलं, तर डब्यावरची एपीआय श्रेणी बघा. ‘एस’ म्हणजे पेट्रोल, नुसतं ‘सी’ म्हणजे डिझेल. आणि गाडी फिरली नाही तरी वर्षातून एकदा ऑइल बदलाच. उभ्या इंजिनातही ओलावा आणि आम्ल साचतं.