न झालेल्या लग्नाचे वऱ्हाड

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीस श्रीक्षेत्र अंबाजोगाई येथे योगेश्वरीच्या नवरात्रास आरंभ होतो आणि पौर्णिमेस त्याची सांगता होते. आश्विनातील शारदीय नवरात्र येथेही थाटाने साजरे होते. तथापि देवीचा म्हणून जो उत्सव ओळखला जातो, तो मार्गशीर्षातला. याच पौर्णिमेस देवीने दंतासुराचा वध केला, अशी श्रद्धा आहे. पंचक्रोशीतील अठरापगड समाजाची ही ग्रामदेवता, आणि त्याचबरोबर शेकडो मैल दूर, सह्याद्रीपलीकडे समुद्रकाठी राहणाऱ्या कोकणस्थ ब्राह्मणांची कुलस्वामिनी. बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या पठारावरील देवता कोकणातील घराण्यांची कुलदेवता कशी झाली, हा प्रश्न ओटी भरावयास आलेल्या प्रत्येक कुटुंबातील एखादे चुणचुणीत मूल विचारतेच. त्याचे उत्तर देणारे दोन विवाह येथील लोक सांगतात. त्यांपैकी एक झाला, दुसरा झाला नाही. आश्चर्य असे की, जो झाला नाही, त्याचीच खूण अद्याप शिल्लक आहे.

आधी न झालेल्या विवाहाची कथा पाहू. गावाजवळ जयंती नदीच्या परिसरात खडकात कोरलेला एक प्रशस्त मंडप आहे. अंगणात दगडी हत्ती उभे आहेत. त्यांवरूनच या स्थळाला हत्तीखाना हे नाव पडले. काळाने आणि माणसांनी त्या हत्तींची बरीच झीज केली आहे. अभ्यासक ही शैव लेणी मानतात आणि तिचा काळ अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपास नेतात. गावाचे म्हणणे निराळे. हे लेणे नव्हेच, हा लग्नमंडप. आणि हे हत्ती म्हणजे शिळा होऊन राहिलेले वऱ्हाड.

योगेश्वरीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला होता. अंबाजोगाईहून परळी सुमारे २५ किलोमीटर. वाङ्निश्चय झाला, मुहूर्त धरला, कोकणातून देवीकडील मंडळी वऱ्हाड घेऊन निघाली. परंतु मुहूर्ताची घटका टळली आणि वऱ्हाड जेथे होते तेथेच दगडाचे झाले. देवी परळीस गेली नाही. ती येथेच राहिली, आणि कुमारिका राहिली. काही जण सांगतात की, देवीच्याच मनात विवाह नव्हता आणि तिनेच उशीर होऊ दिला. काहींच्या मते चूक वऱ्हाडाची. लग्न मोडले की दोन्ही पक्षांकडून दोन हकीकती सांगितल्या जातात. देवादिकांच्या घरीही त्याला अपवाद नसावा.

अशी कथा केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. भारताच्या दक्षिण टोकाशी कन्याकुमारीची कथा हीच आहे. शुचींद्रमच्या शिवाशी तिचा विवाह ठरला होता, मध्यरात्रीचा मुहूर्त होता. पण वाटेत कोंबडा आरवला, पहाट झाली असे समजून वर परत फिरला आणि लग्नासाठी आणलेले धान्य तसेच पडून राहिले. तेथील किनाऱ्यावरील तांदळासारखे रेतीचे कण म्हणजे ते न शिजलेले अन्न, असे यात्रेकरूंना आजही सांगतात. एका ठिकाणी तांदळाची वाळू झाली, दुसऱ्या ठिकाणी हत्तींचे दगड झाले. आपल्याच महाराष्ट्रात मात्र जोगेश्वरी नावाच्या देवीचे लग्न लागतेही. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे सिद्धनाथ आणि जोगेश्वरी यांचा विवाहसोहळा दरवर्षी होतो आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस त्यांचा रथ निघतो. गावोगावी भैरवनाथाच्या शेजारी जोगेश्वरी पत्नी म्हणून उभी असते. म्हसवडचा रथ फिरून झाला की अवघ्या सहा दिवसांत अंबाजोगाईस त्याच नावाच्या अविवाहित देवीचे नवरात्र बसते.

आता झालेल्या विवाहाची कथा. ही तुलनेने थोडक्यात सांगितली जाते, कारण तिच्यात सांगण्यासारखे फारसे उरलेलेच नाही. परशुरामाने कोकणात चित्पावनांची वसती केली, चौदा गोत्रे झाली. पण त्यांना वधू कोठून आणावयाच्या? तेव्हा परशुरामाने अंबाजोगाईच्या लोकांकडे कन्यांची मागणी केली. लोकांनी एक अट घातली. आमच्या मुली द्यावयाच्या, तर त्यांच्या वंशजांनी आमची योगेश्वरी कुलदेवता म्हणून मानली पाहिजे. अट मान्य झाली, मुली घाट उतरून कोकणात गेल्या. कथा येथे संपते.

ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे, हे सांगणे अवश्य आहे. परंतु तिच्यातील एक गोष्ट प्रत्यक्ष कुलाचाराशी जुळते. कोकणस्थ घराण्यांचे कुलदैवत पाहावे, तर ते बहुधा कोकणातलेच असते: कोणाचा गुहागरचा व्याडेश्वर, कोणाचा वेळणेश्वर, कोणाचा हरिहरेश्वर, कोणाचा लक्ष्मीकेशव. देव घराजवळचा आणि देवी घाटावरची. सासर आणि माहेर यांच्यात जेवढे अंतर असावे, तेवढे या कुलदेव-कुलदेवीत आहे. पुरुषाचा देव पुरुषाच्या गावी राहिला आणि बाई आपली देवी माहेराहून घेऊन आली, असा या मांडणीचा अर्थ कोणी लावला, तर त्याला वेड्यात काढता येणार नाही.

पण त्या मुली कोण? चौदा गोत्रांची नावे घराघरांत पाठ आहेत. अत्रि, कपि, काश्यप, शांडिल्य, गार्ग्य, कौशिक अशी ती यादी मुंज झालेला मुलगा एका दमात म्हणतो. त्या गोत्रांना ज्यांच्यामुळे वंश मिळाला, त्या एकाही वधूचे नाव कथेने ठेवलेले नाही. जे लग्न मोडले, त्याचा मंडप, हत्ती, मुहूर्त, दोन्ही गावे, सगळे लोकांच्या तोंडी आहे. जी लग्ने झाली, त्यांच्यासंबंधी एक ओळही नाही.

प्रस्तुत लेखकाला हा विचार सुचण्याचे कारण घरगुती आहे. आमच्या घरी एक हस्तलिखित वंशावळ आहे. पणजोबांच्या पिढीत चार पुत्रांची नावे स्वच्छ बाळबोध अक्षरांत लिहिली आहेत. त्यांच्या शेजारी, कागदाच्या कडेला, बारीक अक्षरांत एवढेच आहे: ‘कन्या १. वाङ्निश्चय झाला.’ पुढे काही नाही. विवाह झाला की नाही, कोठे दिली, किती वर्षांची होऊन वारली, काहीच नाही. नावही नाही. पणजोबांची ही बहीण कोण, याचा शोध घेण्याचा खटाटोप मी काही वर्षे केला.

असा शोध घेणाऱ्याच्या लवकरच लक्षात येते की, आपल्याकडे नोंदीचे मार्ग थोडे नाहीत. पण मुलीच्या जवळ येताच एकेक मार्ग संपतो. नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंची नावे लिहिलेली आहेत. त्यांचा कणा म्हणजे बाप, मुलगा, नातू. विसाव्या शतकात अनेक कोकणस्थ घराण्यांनी मोठ्या कष्टाने आपापले कुलवृत्तांत छापले. त्यांत मुलीपुढे बहुधा ‘अमक्या आडनावाच्या घरी दिली’ एवढे येते, आणि सून येते ती सासरच्या नावाने. कारण लग्नात नाव बदलते. वर ताम्हणातल्या तांदळांत अंगठीने वधूचे नवे नाव लिहितो आणि विधी झाला की तांदूळ एकत्र केले जातात. त्या क्षणी तिचे जुने नावही कागदावरून जाते, नवे तर कागदावर आलेलेच नसते.

सरकारी दप्तराचाही उपयोग नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, कोकण इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. पण हिंदू विवाहाची सक्तीची नोंद तेव्हा कोणीच ठेवत नव्हते. मुंबई राज्यात विवाहनोंदणीचा कायदा १९५३ साली झाला. सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंद सक्तीची करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले ते २००६ साली. आणि हे सारे झालेल्या विवाहांबद्दल. ठरलेल्या पण न झालेल्या विवाहाला कोणत्याही कचेरीत रकाना नाही.

शास्त्राने मात्र या मुलींचा विचार अगदीच सोडलेला नाही. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही यांचाही नावानिशी उच्चार होतो. महालयात तर आत्या, मावशी, बहीण, कन्या या सर्वांना स्थान आहे. अडचण आहे ती आठवणाऱ्याची. आईचे नाव मुलगा घेतो, आत्याचे भाचा घेतो. जिला मूल नाही आणि जिचे भाचेही गेले, तिचे नाव उच्चारण्याची जबाबदारी कोणावर? तीन पिढ्यांनंतर ते आपोआप गळते.

याच अंबाजोगाईत याला छेद देणारी एक साक्ष आहे आणि हत्तीखान्याकडे धावणाऱ्या बहुसंख्य भाविकांच्या नजरेतून ती सुटते. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाचा सेनापती खोलेश्वर हा या नगरीशी निगडित होता. त्याचा पुत्र राम गुजरातच्या स्वारीत कामी आला. भावाच्या स्मरणार्थ खोलेश्वराच्या कन्येने, लक्ष्मीने, येथे देवालय उभारले, आणि शके ११६२ चा, म्हणजे इसवी सन १२४० चा, शिलालेख तिचे नाव सांगतो. इतिहाससंशोधक ग. ह. खरे यांनी येथील लेखांचा अभ्यास करून ते प्रसिद्ध केले. लक्ष्मी आज ओळखली जाते ती खोलेश्वराची कन्या आणि रामाची बहीण म्हणून. जवळजवळ आठशे वर्षांपूर्वीच्या एका मुलीचे नाव माहेरच्या नात्याने टिकले, कारण ते तिने स्वतः दगडावर घातले. आमच्या पणजोबांच्या बहिणीला जाऊन दीडशे वर्षेही झाली नसतील.

माझा शोध तिच्या नावापर्यंत पोहोचला नाही, हे येथे सांगून टाकतो. एका मार्गशीर्षात कुलाचारासाठी आम्ही अंबाजोगाईस गेलो, तेव्हा घरातील सर्वांत वडील, म्हणजे माझी आत्या, बरोबर होती. वंशावळीतील त्या बारीक ओळीची हकीकत मी तिला वाटेत सांगितली होती. ती काही बोलली नव्हती. देवळात थंडीच्या दिवसांतही पहाटेपासून रीघ होती. घरच्या सर्वांच्या नावाने ओट्या भरून झाल्या आणि आम्ही निघणार, तोच आत्याने पिशवीतून आणखी एक खण आणि नारळ काढला. हा कोणासाठी, असे गुरुजींनी विचारले.

‘आमच्या घरातल्या एका मुलीसाठी,’ ती म्हणाली.

गुरुजींनी पळी हातात घेतली. ‘गोत्र?’

येथे आम्ही दोघेही थांबलो. लग्न झाले असते, तर तिचे गोत्र सासरचे. आणि सासर कोणते ते आम्हांस ठाऊक नव्हते. गोत्र माहीत नसेल तर काश्यप सांगावे, अशी वहिवाट आहे, आणि ती माझ्या ओठांवर आलीही होती. पण आत्या तोपर्यंत विचार करून मोकळी झाली होती. सप्तपदी झाल्याचे कोठे लिहिलेले नाही. सातवे पाऊल पडल्याखेरीज विवाह पुरा होत नाही. तेव्हा मुलगी अजून आपल्याच घरची.

‘वासिष्ठ,’ ती ठामपणे म्हणाली. आमचे गोत्र.

‘नाव?’

‘नाव नाही हो राहिलं, गुरुजी. पण लग्न ठरलं होतं तिचं.’

गुरुजींनी एकवार गाभाऱ्याकडे पाहिले, मान हलविली, आणि वासिष्ठगोत्रोत्पन्न कन्या एवढेच म्हणून उदक सोडले.