रात्रीपुरता बंद महामार्ग

इंग्लंडमध्ये मोटरवेची मोठी दुरुस्ती बहुधा रात्री नऊ-दहा ते पहाटे पाच-सहा या वेळात, रस्ता पूर्ण बंद करून होते. एखादी लेन चालू ठेवली तर काय बिघडेल, हा आक्षेप नेहमीचाच. पण हातभर अंतरावरून मालट्रक धावत असताना कामगार जीव मुठीत धरून काम करतात आणि काम रेंगाळतं. शिवाय मिळालेले आठ तास पूर्ण आठ नसतात. आधी फलक आणि रहदारीचे कोन मांडायचे, शेवटी ते उचलायचे, आणि नवं डांबर पुरेसं निवेपर्यंत त्यावर गाडी सोडता येत नाही. 'कोन आहेत, माणूस एकही नाही' ही तक्रार बऱ्याचदा याच वेळेतली असते.

पुलाच्या कामाला तर रात्रही अपुरी पडते. लंडनभोवतीचा, १९८६मध्ये पूर्ण झालेला एम-२५ मार्च २०२४मध्ये १० आणि ११ क्रमांकांच्या जंक्शनांदरम्यान शुक्रवार रात्रीपासून बंद ठेवून जुना पूल पाडला आणि गॅन्ट्री (रस्त्यावरची फलकांची कमान) बसवली. कोंडीचा बोभाटा बराच झाला; रस्ता मात्र सोमवार पहाटेऐवजी रविवारी रात्रीच खुला झाला. खरा त्रास वळवलेल्या वाहतुकीचा. झोपलेल्या गावांतून ट्रक जातात, आणि हे मोजक्या रात्रींत उरकतं, एवढंच त्यावर उत्तर आहे (गावकऱ्यांना ते पटेलच असं नाही). वळणमार्ग पिवळ्यावर काळा त्रिकोण, चौकोन, वर्तुळ अशा खुणांनी दाखवतात. पहिल्या फलकावरची खूण शेवटपर्यंत धरून जावं. पावसाने काम ऐनवेळी पुढे जातं, म्हणून बंद रस्त्यांची यादी निघायच्या दिवशीच पाहा.